प्लास्टर निघाल्यानंतर मांडीची ताकद परत कशी मिळवावी

नडगीचे हाड मोडल्यावर मांडीपासून पावलापर्यंत घातलेले प्लास्टर काही आठवड्यांनी कापले जाते, तेव्हा रुग्णाला आणि घरच्यांना पहिला धक्का बसतो तो पायाच्या आकाराचा. कातडी कोरडी पडून तिच्यावर खपल्या धरलेल्या असतात, गुडघा जेमतेम वाकतो आणि मांडी दुसऱ्या मांडीच्या मानाने इतकी बारीक दिसते की ‘पाय सुकला’ हेच शब्द सगळ्यांच्या तोंडी येतात. एक्स-रेमध्ये हाड जुळलेले दिसते, डॉक्टर हळूहळू चालायला सांगतात, आणि बहुतेक घरांत त्यापुढचा कार्यक्रम तेल लावून मालीश, गरम पाण्याचा शेक आणि घरातल्या घरात चार फेऱ्या एवढ्यावरच थांबतो. सहा महिन्यांनी तो माणूस चालतो खरा, पण जिना उतरताना कठडा धरतो आणि जमिनीवरून उठताना हात टेकतो. हाड सांधले आणि स्नायू मात्र अर्धवट राहिला, अशी ही अवस्था बहुतांशी टाळता येते.

पुढील मार्गदर्शन नडगीच्या किंवा घोट्याच्या फ्रॅक्चरनंतर पाय बरेच दिवस प्लास्टरमध्ये राहिलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी आहे. मोठ्या आजारपणात दोन-तीन आठवडे अंथरुणाला खिळून राहिलेल्यांनाही त्यातील बराचसा भाग लागू पडतो. मात्र काहीही सुरू करण्यापूर्वी अस्थिरोगतज्ज्ञांना एक प्रश्न नेमकेपणाने विचारावा: या पायावर सध्या भार अजिबात टाकायचा नाही, फक्त बोटे टेकवायची, अर्धा भार टाकायचा की पूर्ण? ‘थोडे थोडे चाला’ हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. हाड कुठे आणि कसे मोडले, आत रॉड किंवा प्लेट आहे की नाही आणि नवे हाड किती धरले आहे यावर ते उत्तर ठरते, आणि त्या मर्यादेतच पुढचे सर्व व्यायाम बसवायचे असतात.

स्नायू इतक्या लवकर का घटतो

स्नायूतील प्रथिने कायम मोडत असतात आणि कायम नव्याने बांधली जात असतात. ताण पडणे थांबले की मोडतोड फारशी वाढत नाही, पण नवी बांधणी मंदावते, आणि रोजची ही तूट साचत जाऊन प्रत्येक स्नायुतंतू बारीक होत जातो. तंतू मरत नाहीत, ते कृश होतात. म्हणूनच गेलेला स्नायू परत मिळवता येतो. हे घडायला महिने लागत नाहीत. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी तरुणांचा एक पाय प्लास्टरमध्ये ठेवला, तेव्हा अवघ्या ५ दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूचा छेद (म्हणजे आडव्या कापाचे क्षेत्रफळ, त्याची जाडी) सुमारे साडेतीन टक्क्यांनी आणि ताकद सुमारे ९ टक्क्यांनी घटली. १४ दिवस पाय जखडलेल्यांमध्ये छेद सुमारे ८ टक्क्यांनी, तर ताकद सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाली.

या आकड्यांतला महत्त्वाचा भाग म्हणजे दोन टक्केवारींमधील अंतर. स्नायू जितका घटला, त्याच्या अडीच-तीन पट ताकद घटली, कारण ताकद ही केवळ मांसाची बाब नाही. मेंदू आणि मज्जारज्जूकडून येणाऱ्या आज्ञा किती तंतूंपर्यंत आणि किती वेगाने पोहोचतात, यावरही ती अवलंबून असते. न वापरलेल्या पायात या आज्ञाच क्षीण होतात. गुडघ्याला सूज असेल तर आणखी एक अडथळा येतो: सांध्यात २०–३० मिलिलिटर द्रव साठला तरी मज्जारज्जू मांडीच्या आतल्या बाजूच्या स्नायूला प्रतिक्षिप्तपणे दाबून ठेवतो, आणि रुग्णाने कितीही मनापासून प्रयत्न केला तरी स्नायू पूर्ण आवळत नाही. अशा रुग्णाला आळशी म्हणणे हा निव्वळ अन्याय आहे; त्याची सूज आधी उतरवायला हवी.

पाय कोणत्या स्थितीत जखडला होता यानेही फरक पडतो. आखडलेल्या स्थितीत राहिलेला स्नायू अधिक घटतो आणि लांबीलाही कमी होतो. १९७२ साली मांजरांवर झालेल्या एका प्रयोगात पोटरीचा खोलवरचा स्नायू आखडलेल्या स्थितीत चार आठवडे ठेवल्यावर त्याच्या तंतूंमधील लांबीचे घटक सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले होते. प्लास्टर काढून हालचाल सुरू झाल्यावर पुढच्या सुमारे चार आठवड्यांत ते भरूनही निघाले. गुडघा जवळजवळ सरळ ठेवून घातलेल्या प्लास्टरमध्ये मांडीचा पुढचा स्नायू याच आखडलेल्या स्थितीत असतो. मांडीच्या मागच्या स्नायूपेक्षा तोच जास्त का बारीक होतो, याचे हे एक कारण.

आता चालण्याविषयी. मज्जारज्जू स्नायूतील तंतूंचे गट ठरावीक क्रमाने कामाला लावतो: आधी लहान, चिवट, न थकणारे गट, आणि ताण वाढेल तसे मोठे, जोरकस पण लवकर थकणारे गट. एलवुड हेनेमन यांनी हा क्रम विसाव्या शतकाच्या मध्यात दाखवून दिला. सपाट जमिनीवर सावकाश चालताना पहिल्या गटांवरच काम भागते, त्यामुळे मोठे गट कितीही फेऱ्या मारल्या तरी निवांतच राहतात, आणि ज्यांच्या जोरावर माणूस खुर्चीतून उठतो किंवा तोल जाताना सावरतो ते तंतू नेमके हेच. कोपनहेगन विद्यापीठातील २०१५ सालचा एक प्रयोग याला पुष्टी देतो. दोन आठवडे एक पाय जखडल्यावर तरुणांच्या त्या पायाची ताकद जवळपास एक तृतीयांशाने आणि वयस्करांची सुमारे एक चतुर्थांशाने घटली. त्यानंतर सहा आठवडे, आठवड्यातून तीन-चार वेळा सायकल चालवून घेतली, तेव्हा स्नायूचे वस्तुमान भरून आले, पण ताकद पूर्णपणे परत आली नाही. चालणे आणि सायकल यांनी दम वाढतो, सांधा मोकळा होतो, तंतूंमधील ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका वाढतात, ते करावेच. ताकदीसाठी मात्र वजन उचलावे लागते, आणि ते टप्प्याटप्प्याने वाढवावे लागते.

प्लास्टर असतानाच करण्यासारखे

प्लास्टर निघण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर प्लास्टरच्या आतच मांडी आवळून पाच सेकंद धरावी आणि सोडावी. फिजिओथेरपिस्ट याला ‘स्टॅटिक क्वाड्स’ म्हणतात. दहा-दहा वेळांचे हे आवर्तन दिवसातून पाच-सहा वेळा सहज होते. पायाची बोटे उघडी असतील तर ती दर तासाला हलवावीत, कारण त्याने रक्त खेळते राहते. नितंब आवळणे आणि परवानगी असल्यास सबंध पाय कमरेतून उचलणे याही हालचाली कराव्यात. प्लास्टरचे वजन असतेच, त्यामुळे वेगळे वजन लागत नाही.

जवळजवळ कोणीही करत नाही अशी एक गोष्ट म्हणजे चांगल्या पायाचा जोरदार व्यायाम. एका अंगाला व्यायाम दिला की दुसऱ्या, न हललेल्या अंगाचीही ताकद काही प्रमाणात वाढते, हे येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर यांनी १८९४ सालीच नोंदवले होते. हा परिणाम स्नायूत घडत नाही, आज्ञा देणाऱ्या मज्जासंस्थेत घडतो, आणि जखडलेल्या अंगाची ताकद टिकवण्यासाठी त्याचा उपयोग होतो असे पुढच्या काळातल्या प्रयोगांत दिसले आहे. तेव्हा खुर्चीत घट्ट बसून, चांगल्या पायाच्या घोट्याला वजन बांधून गुडघा सरळ करण्याचा व्यायाम एक दिवसाआड करावा. तसेही वॉकर किंवा कुबड्यांच्या काळात शरीराचा सगळा भार या पायावर आणि दोन्ही दंडांवर येणार असतो.

पहिले दोन-तीन आठवडे: आधी आज्ञा, मग वजन

प्लास्टर निघाल्यावर लगेच वजन बांधायची घाई करू नये. सुरुवातीच्या आठवड्यांत जी ताकद वाढते ती बहुतांशी मज्जासंस्थेच्या सुधारणेमुळे वाढते, स्नायूची जाडी त्यानंतर दिसू लागते. मोरितानी आणि डीव्रीज यांनी १९७९ साली हे मोजून दाखवले. म्हणून या काळात कसरत थोडी असावी, पण वारंवार आणि पूर्ण लक्ष देऊन व्हावी.

यासाठीचा मुख्य व्यायाम दिसायला क्षुल्लक आहे, आणि म्हणूनच तो बहुतेक वेळा चुकीचा केला जातो. पलंगावर पाय लांब करून बसावे. टॉवेलची मनगटाएवढ्या जाडीची गुंडाळी करून ती गुडघ्याच्या खाली, लवणीत ठेवावी. आता टाच उचलण्याचा विचार न करता गुडघ्याने टॉवेल खाली दाबावा. हे करताना एक हात मांडीवर, गुडघ्याच्या चार बोटे वर आणि किंचित आतल्या बाजूला ठेवावा: तिथला मांसल उंचवटा हाताखाली टणक झाला पाहिजे आणि गुडघ्याची वाटी मांडीच्या दिशेने वर सरकताना दिसली पाहिजे. वाटी सरकत नसेल आणि नितंबच आवळले जात असतील, किंवा टाच गादीत रुतत असेल, तर मांडीचे काम दुसरेच स्नायू करत आहेत असे समजावे. अशा वेळी आधी चांगल्या पायाने तीच क्रिया करून वाटी कशी हलते ते पाहावे, मग दोन्ही पायांनी एकदम करावी, आणि नंतर फक्त दुखऱ्या पायाने. सहा सेकंद दाब, चार सेकंद सैल, असे दहा वेळा. आणि हे दर दोन-अडीच तासांनी.

आठवडाभर प्रयत्न करूनही वाटी हलत नसेल तर फिजिओथेरपिस्टकडून विजेच्या यंत्राने स्नायू आकुंचित करून घेण्याचा उपयोग होतो. ‘शेक घेतला’ या सरसकट शब्दाखाली आपल्याकडे यंत्रांचे अनेक प्रकार मोडतात, त्यातील बरेचसे वेदना कमी करण्यासाठी असतात आणि त्यांत नुसत्या मुंग्या येतात. स्नायूसाठीचा प्रवाह वेगळा असतो: त्याने मांडी डोळ्यांना दिसेल इतकी आवळली गेली पाहिजे, आणि रुग्णाने त्याच वेळी स्वतःही जोर लावला पाहिजे. निमूट पडून घेतलेल्या शेकाने दुखणे हलके होईल. ताकद येणार नाही. मालीशबद्दलही हेच म्हणता येईल. तिने बरे वाटते, कातडी मऊ होते, पण तंतूंवर ताण पडत नाही, आणि ताणाशिवाय बांधणीचा आदेश निघत नाही.

टॉवेल दाबणे जमू लागले की पाठीवर झोपून, चांगला पाय दुमडून, दुखरा पाय सरळ ठेवून जमिनीपासून वीतभर उचलावा. येथे पाहण्याची खूण एकच: टाच उचलली जाताना गुडघा किंचितही वाकता कामा नये. वाकत असेल तर मांडीचा स्नायू शेवटचे काही अंश धरू शकत नाही असा अर्थ होतो. मग परत टॉवेलकडे यावे. याच काळात टाच गादीवरून नितंबाकडे सरकवत गुडघा वाकवणे आणि घोटा वर-खाली करणे दिवसातून चार-पाच वेळा करावे. पोटरी ताणण्यासाठी जुनी ओढणी किंवा पंचा तळव्याला अडकवून स्वतःकडे ओढावा. गुडघा दुसऱ्याकडून जोराने वाकवून घेण्याचा प्रकार अजूनही चालतो. तो कटाक्षाने टाळावा, कारण त्याने सूज येते आणि सुजेमुळे मांडीचा स्नायू पुन्हा दबला जातो.

अर्धा भार टाकण्याची परवानगी मिळाली असेल तर ‘अर्धा’ म्हणजे किती हे अंदाजाने ठरवू नये. वजनाचा साधा काटा आणि त्याच्याच उंचीची एक फळी घ्यावी. काट्यावर दुखरा पाय, फळीवर चांगला पाय आणि हात ओट्याच्या किंवा टेबलाच्या काठावर ठेवून सावकाश भार सरकवावा. ६० किलोच्या माणसाने काट्यावर ३० दिसेपर्यंत भार टाकावा आणि तो दाब पायाला कसा जाणवतो हे लक्षात ठेवावे. पुढे पूर्ण भाराची परवानगी मिळाल्यावर हाच काटा एक वेगळी गोष्ट उघड करतो: दोन्ही पायांवर सारखे उभे आहोत असे वाटत असताना कित्येकांच्या दुखऱ्या पायाखाली निम्म्यापेक्षा बराच कमी आकडा दिसतो.

वजन आणि त्याची वाढ

हाड भार घेण्याइतके धरले आहे असे डॉक्टरांनी सांगितले की खऱ्या कामाला सुरुवात होते. येथे थॉमस डीलॉर्म यांचे नाव घ्यावेच लागेल. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये गुडघ्याच्या दुखापतींचे सैनिक महिनोन्‌महिने पडून असत. त्या काळी त्यांना हलक्या, असंख्य वेळा करायच्या हालचाली दिल्या जात. स्वतः वजने उचलण्याचा नाद असलेल्या या लष्करी डॉक्टरांनी त्याऐवजी जड वजन, मोजकी आवर्तने आणि नियमित वाढ अशी पद्धत वापरली आणि १९४५ साली ती प्रसिद्ध केली. दहाच वेळा उचलता येईल असे वजन आधी शोधायचे. मग त्याच्या निम्म्याने दहा, पाऊणपटीने दहा आणि पूर्ण वजनाने दहा आवर्तने करायची. १९४८ साली त्यांनी मांडलेला हा तीन फेऱ्यांचा आराखडा आजही घरच्या घरी वापरण्याजोगा आहे.

घरी वजन म्हणून मिठाच्या एक किलोच्या पिशव्यांसारखे सोयीचे दुसरे काही नाही. वजन छापलेले असते आणि पिशवी पायावर बसते. जुन्या पँटचा पाय कापून, त्यात दोन्ही बाजूंना पिशव्या घालून मधला भाग घोट्यावर टाकावा आणि कापडी पट्टीने बांधावा. वजन नेमके कुठे बांधायचे हे मात्र विचारून घ्यावे, कारण घोट्याला बांधलेल्या वजनाचा तरफेसारखा ताण नडगीच्या मोडलेल्या जागेवर येतो, आणि काही रुग्णांना काही आठवडे ते गुडघ्याच्या जरा खालीच बांधायला सांगितले जाते. उंच खुर्चीत किंवा पलंगाच्या कडेला बसून गुडघा दोन सेकंदांत सरळ करावा, क्षणभर थांबावे आणि तीन-चार सेकंदांत खाली आणावा. शेवटच्या फेरीत दहाऐवजी बारा वेळा सुबकपणे उचलता आले, आणि असे लागोपाठ दोन वेळा घडले, की अर्धा किलो वाढवावे. जड वजनाची भीती वाटत असेल, किंवा त्याने सांधा दुखत असेल, तर हलके वजनही चालते. अट इतकीच की अजून दोन-तीन वेळाच जमेल अशी मांडी थकेपर्यंत ते उचलावे लागते. थकवा न येता केलेली पन्नास आवर्तने म्हणजे नुसती हालचाल.

हा व्यायाम एक दिवसाआड, आठवड्यातून तीन वेळा करावा. एका चांगल्या सत्रानंतर प्रथिनांची वाढलेली बांधणी साधारण २४ ते ४८ तास चालू राहते. रोज वजन उचलल्याने ती दुप्पट होत नाही, उलट सांधा कुरकुरू लागतो.

बसून केलेल्या व्यायामाबरोबर उभे राहून करायचे व्यायाम हवेतच, कारण स्नायू ज्या कामाचा सराव करतो त्याच कामात अधिक तरबेज होतो. खुर्चीतून उठणे हा त्यांतला पहिला. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. प्लास्टिकची हलकी खुर्ची घसरते, ती घेऊ नये. आसनावर उशी ठेवून उंची वाढवावी, हात छातीवर दुमडावेत, उठावे, आणि मोजून चार सेकंदांत परत बसावे. शरीर येथे हमखास लबाडी करते: माणूस नकळत चांगल्या पायाकडे कलून उठतो. समोर आरसा ठेवावा, किंवा चांगले पाऊल वीतभर पुढे सरकवावे, म्हणजे भार आपोआप दुखऱ्या पायावर येतो. दहा-दहाच्या तीन फेऱ्या जमल्या की उशी काढावी. त्यापुढे छातीशी पाण्याची भरलेली बाटली किंवा पाच किलोची पिठाची पिशवी धरून उठावे.

त्यानंतर पायरी. सुरुवातीला जिना नको, घरातला लाकडी पाटच बरा; त्याखाली रबरी पायपुसणे घालावे, म्हणजे तो सरकत नाही. दुखरा पाय पाटावर ठेवून, मागच्या पायाने ढकलून न घेता, वर चढावे. पाट जमल्यावर जिन्याची पहिली पायरी, आणि ती जमल्यावर उतरण्याचा सराव: दुखऱ्या पायावर पायरीवर उभे राहून दुसऱ्या पायाची टाच सावकाश जमिनीला लावायची आणि परत वर यायचे. हा सगळ्यांत कठीण टप्पा आहे, कारण खाली उतरताना स्नायू लांब होत असतानाच जोर धरून ठेवतो. अशा कामात ताण सर्वाधिक पडतो, ताकदही चांगली वाढते, आणि सवय नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांडी चांगलीच दुखते. ते दुखणे तीन-चार दिवसांत जाते आणि त्याच कसरतीने पुढच्या वेळी बरेच कमी होते. म्हणून पहिल्या दिवशी पाच-सहा वेळाच उतरावे. रोजच्या जिन्यासाठी मात्र नेहमीचा नियम पाळावा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि हात कठड्याला.

पोटरीचा विसर पडू देऊ नये. प्लास्टरमध्ये मांडीप्रमाणेच तीही झपाट्याने घटते, आणि चालताना पुढे रेटा तीच देते. भिंतीला हात टेकून दोन्ही टाचा उचलाव्यात, काही आठवड्यांनी दोन्हींवर वर जाऊन दुखऱ्या एकाच पायावर खाली यावे, आणि शेवटी पूर्ण क्रिया एकाच पायावर करावी.

वयाची सबब येथे फारशी टिकत नाही. बोस्टनमध्ये मारिया फिएटारोन यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या, संस्थेत राहणाऱ्या दुर्बल वृद्धांना आठ आठवडे मांडीचा जड व्यायाम दिला, तेव्हा त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मांडीतील स्नायूचा छेद मात्र सुमारे ९ टक्क्यांनीच वाढला होता. वयस्कर स्नायू तरुण स्नायूपेक्षा सावकाश भरतो, एवढे खरे. त्यामुळे साठीपुढच्या रुग्णाने तरुण नातेवाइकाच्या प्रगतीशी स्वतःची तुलना करू नये आणि आराखड्यातला कालावधी मोठा धरावा.

ताटात काय असावे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. वयस्करांसाठी १ ते १.२ ग्रॅम, आणि आजारातून किंवा दुखापतीतून सावरताना त्याहून थोडी अधिक, असा तज्ज्ञगटांचा सल्ला असतो. म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला निदान ६० ते ७२ ग्रॅम. आपल्या जेवणात हा आकडा आपोआप गाठला जात नाही. वाटीभर पातळ वरणात डाळ जेमतेम २०–२५ ग्रॅम असते आणि तिच्यातून प्रथिने ५ ग्रॅमच्या आसपास मिळतात. वरण घट्ट करणे, जेवणात उसळ नेमाने ठेवणे, सकाळी दोन अंडी (सुमारे १२ ग्रॅम) किंवा ५० ग्रॅम पनीर (सुमारे ९ ग्रॅम), मधल्या वेळी ३० ग्रॅम शेंगदाणे किंवा फुटाणे (६–७ ग्रॅम), आणि दिवसातून दोन पेले दूध (१२–१३ ग्रॅम) एवढे केले, तर भाकरी-भाताच्या प्रथिनांसह हिशेब जुळतो. प्रथिने एकाच जेवणात कोंबण्यापेक्षा तिन्ही वेळा वाटून घ्यावीत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

हाड मोडले की पाया सूप आणि डिंकाचे लाडू घरात येतातच. सूप रुचकर असते, पण त्यातील जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल मुळीच नसते, त्यामुळे स्नायूच्या बांधणीसाठी ते एकटे अपुरे पडते. लाडवांतून मुख्यतः तूप, गूळ आणि उष्मांक मिळतात; बसून असलेल्या माणसाच्या पोटावर ते लवकर दिसतात.

मोजावे कसे, थांबावे केव्हा

टेप लावून मांडीचा घेर मोजण्याची पद्धत आहे, आणि ती वापरायची तर वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटिमीटरवर दोन्ही पायांवर खूण करून महिन्यातून एकदाच मोजावे. तिच्यावर फार विसंबू नये, कारण घेरात चरबी आणि सूजही धरली जाते, आणि पहिल्या महिन्यात ताकद चांगली वाढूनही टेप तोच आकडा दाखवत राहतो. त्यापेक्षा ३० सेकंदांत हात न लावता खुर्चीतून किती वेळा उठता येते ते दर आठवड्याला मोजून वहीत लिहावे. त्या वहीत उचललेले वजन आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कसा होता हेही लिहावे. व्यायामानंतर थोडे दुखले आणि सकाळपर्यंत शमले, तर प्रमाण योग्य आहे. सकाळी गुडघा सुजलेला किंवा आदल्या दिवसापेक्षा ताठ असेल, तर वजन एक टप्पा खाली आणावे, पण व्यायाम सोडू नये.

काही लक्षणे मात्र वाट पाहण्याची नसतात. एकाच पायाची पोटरी सुजणे, गरम लागणे आणि दाबल्यावर दुखणे हे शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचे लक्षण असू शकते. अशा पायाला मालीश अजिबात करू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. त्यासोबत अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर थेट रुग्णालयच गाठावे. मोडलेल्या जागेवरचे दुखणे दिवसेंदिवस वाढत असेल, तिथे नवा बाक दिसत असेल किंवा ताप येत असेल, तरीही व्यायाम थांबवून एक्स-रे करून घ्यावा. फार जोराच्या व्यायामानंतर स्नायू असह्य दुखून लघवी कोलासारखी गडद झाली, तर स्नायूंची मोडतोड होऊन त्यातला घटक मूत्रपिंडापर्यंत पोहोचल्याची ती खूण असते, आणि तेव्हाही त्वरित उपचार लागतात.

हा कार्यक्रम तीन महिने तरी चालू ठेवायचा आहे असे गृहीत धरावे. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे आणि बैठका या गोष्टी शेवटी येतात, कारण त्यांत गुडघा पूर्ण वाकलेला असताना भार घ्यावा लागतो. भिंतीला पाठ टेकून अर्ध्या बैठकीपासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला दोन-चार बोटे खाली जावे. दुखऱ्या एकाच पायावर खुर्चीतून उठणे चांगल्या पायाइतक्याच वेळा जमू लागले, की आठवड्यातून तीनऐवजी दोन सत्रे पुरतात, आणि मिळवलेली ताकद टिकवण्यासाठी तरुणांना पुढे एक सत्रही चालते. वयस्करांनी दोन सत्रे मोडू नयेत.